आठ डोक्यांचं रजिस्टर

6 जुलै 2025, रविवार, आषाढी

संध्याकाळी फराळाला खाली बोलावलं होतं. साबुदाण्याची खिचडी, मोरधनचा भात, दाण्याची आमटी. भावाची धाकटी माझ्या शेजारी बसली होती. एक हात ताटात, दुसरा डोक्यात. कानामागे, मानेवर, परत कानामागे. तीस वर्षं पीथमपूरला गिअरच्या कारखान्यात इन्स्पेक्शन केलेल्या माणसाला एवढं पुरे असतं. "बघू गं," म्हणून केस बाजूला केले तर कानामागे लिखांची रांग, आणि मानेवर खाजवून खाजवून दोन फोड फुटलेले. भावजयीनं ताट तसंच ठेवलं आणि आत गेली.

मागाहून आमच्या हिनं काढून घेतलं ते असं. शाळा उघडल्यापासून दोघी मुलींच्या डोक्यात उवा आहेत. दोन वेळा दुकानातून औषधी शॅम्पू आणून लावला, चार दिवस बरं वाटलं, परत तेच. धाकटीच्या डायरीत शाळेतून चिठ्ठी आली आहे आणि तिला वर्गात शेवटच्या बाकावर एकटीला बसवतात. हे घरात भावालाही सांगितलं नव्हतं. भावजय मला म्हणाली, "दादा, रोज घर पुसते, चादरी धुते. आपल्या घरात असं कसं झालं?"

स्वच्छतेत 2017 पासून देशात पहिला नंबर काढणाऱ्या आमच्या इंदूरमध्ये ही लाज जरा जास्तच बोचते. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, आणि उवा कुठल्या डब्यात? उवेला स्वच्छ डोकं आणि मळकं डोकं सारखंच. तिला रक्त आणि ऊब पाहिजे, दोन्ही जागी मिळते. हे सांगून तिचं रडं थांबलं नाही. उद्यापासून रजिस्टर घालतो म्हणालो, तेव्हा मात्र डोळे पुसून विचारलं, "रजिस्टर कशाला?"

7 जुलै, सोमवार

रजिस्टर अशासाठी की आजवर जे केलं ते कुणी कधी केलं याची कुठे नोंदच नाही. विचारत गेलो. पहिल्यांदा औषध फक्त धाकटीला. आठवड्यानं थोरलीला. दोन्ही वेळा ठिबकत्या ओल्या केसांना साबणासारखं लावून दोन मिनिटांत धुतलं, कारण मागे रांगेत न्हाणीसाठी भाऊ उभा. नंतर परत लावलंच नाही. कारखान्यात असा लॉट आला असता तर मी माल बघायच्या आधी प्रोसेस शीट मागितली असती.

घरात डोकी आठ. वयाप्रमाणे नंबर दिले. 1 आई, 2 मी, 3 आमची ही, 4 भाऊ, 5 भावजय, 6 थोरली (तेरा), 7 धाकटी (नऊ), 8 बंड्या (पाच). नावं मुद्दाम लिहीत नाही. रजिस्टर कुणाच्या हाती पडलं तर मुलींची शोभा नको.

मग हत्यारं. घरात प्लॅस्टिकची एक फणी आहे, शॅम्पूबरोबर फुकट आलेली. दात वाकतात, ऊ आरामात मधून निघून जाते. आईची शिसवी फणी काढली, तिच्या लग्नातली. माझं जुनं फीलर गेज, फट मोजायच्या पातळ पात्यांचं, अजून ड्रॉवरमध्ये आहे, त्यानं मोजलं. कडेला फट 0.25, मधल्या दातांत झिजून 0.5 मिलिमीटर. लीख असते साधारण 0.8 लांब आणि 0.3 जाड. म्हणजे मधल्या भागातून लिखा सरळ पास. राजवाड्याकडे जाऊन स्टीलची लांब दातांची फणी आणली. दुकानदारासमोरच गेज काढलं. तो म्हणाला, "अंकल, कंघी ले रहे हो या इंजन?" 0.2 ची पात गेली, 0.3 ची अडकली. घेतली. दोन घेतल्या.

8 जुलै, मंगळवार

पहिली मोजणी. पद्धत अशी ठरवली: केस धुवायचे, भरपूर कंडिशनर चोपडायचा, आधी मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता काढायचा, मग फणी डोक्याच्या कातडीला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढायची आणि पांढऱ्या कागदी रुमालावर पुसायची. कंडिशनरमध्ये उवेला धावता येत नाही. कोरड्या केसांत ती उजेड दिसताच सरकते, म्हणून कोरडं डोकं बघून "काही नाही" म्हणणाऱ्या बायकांचा दोष नाही.

व्हरांड्यात पाट, नळाजवळची बादली, माझा आयग्लास म्हणजे इन्स्पेक्शनचं भिंग डोळ्याला. बंड्याला वाटलं काका घड्याळ दुरुस्त करतायत.

धाकटी: 34 (सव्वा तास, मध्ये दोनदा रडारड आणि एकदा पोहे)
थोरली: 11
भावजय: 6
बंड्या: 2
भाऊ, आमची ही, मी: 0

थोरलीला माझ्यासमोर केस सोडून बसायची लाज वाटली, तिचं आमच्या हिनं केलं, मी फक्त रुमाल तपासले. आईला विचारलं तर म्हणाली, "माझ्या डोक्यात काय असणार? मला खाजतसुद्धा नाही." त्या रकान्यात आडवी रेघ मारली.

9 जुलै, बुधवार

आज भांडण. आईनं सकाळीच सीताफळाच्या बिया खलबत्त्यात घातल्या होत्या. गेल्या सीझनच्या, धुऊन वाळवून डब्यात ठेवलेल्या. ती पूड खोबरेल तेलात कालवून मुलींच्या डोक्याला चोपडायची आणि फडकं बांधायचं, हा तिचा उपाय. उवा मरतात हे खरं आहे. पण तीच पूड किंवा ते पाणी ओघळून डोळ्यात गेलं तर बुबुळाचा वरचा थर सोलवटतो, आग आग होते, डोळा उघडत नाही, दिवसेंदिवस उजेड सहन होत नाही. नऊ वर्षांची मुलगी डोक्याला फडकं बांधून गप्प बसेल हे कुणी लिहून देईल का?

आई म्हणाली, "तुम्हा तिन्ही भावंडांना तेच लावलं. आंधळे झालात?"

मी झालो होतो, दोन दिवस. तिसरीत असताना. डोळ्यावर बोळा बांधून अंधाऱ्या खोलीत पडलो होतो आणि अप्पांनी मला रेडिओ लावून दिला होता. हे तिला आठवत होतं. खलबत्ता उचलून आत नेला आणि दुपारी माझ्याशी बोलली नाही.

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून रॉकेल सुचवलं. आणखी कुणी झुरळाच्या खडूचं नाव काढलं. एक ठिणगी आणि पोर गेली. आणि तो खडू म्हणजे कीटकनाशक, फुटलेल्या फोडांतून थेट आत. शेवटी "सरळ गोटा करून टाका" हाही सल्ला आला. थोरली हे ऐकून खोलीत गेली आणि कडी लावली. कंबरेपर्यंत केस आहेत तिचे.

10 जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

धाकटीला डॉक्टरांकडे नेलं. मानेमागे दोन गाठी हाताला लागत होत्या, म्हणून भावजय रात्रभर जागी. खाजवून झालेल्या जखमा पिकल्या की तिथल्या गाठी सुजतात. जखमेचं औषध दिलं, बरं होईल म्हणाले. उवांसाठी परमेथ्रिन 1 टक्का.

भावजयीनं विचारलं, यातून आणखी रोग होतो का? डॉक्टरांनी सांगितलं की ताप पसरवते ती अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ. टायफसचा ताप त्या उवेमार्फत जातो हे दाखवल्याबद्दल शार्ल निकोल यांना 1928 चं नोबेल मिळालं होतं. डोक्यातली ऊ खाज देते, झोप घालवते, तेवढंच. "तेवढंच" हा शब्द ऐकून भावजयीचा चेहरा पाहण्यासारखा होता.

दवा बाजारात गेलो. पहिल्या दुकानात 5 टक्क्यांची ट्यूब पुढे केली, "ये स्ट्राँग है." ती खरजेसाठी अंगाला लावायची. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, हा हिशेब औषधात चालत नाही. 1 टक्क्याच्या पुरून उरतील एवढ्या बाटल्या घेतल्या. आधीच्या वेळी कंबरेएवढ्या केसांना अर्धी बाटली पुरवली होती, हेही तेव्हाच कळलं.

13 जुलै, रविवार

औषधाचा दिवस. रविवार दोन कारणांनी निवडला: सगळे घरी, आणि आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं ते आज येणार होतं. जलूदहून डोंगर चढून येणारं पाणी उवांच्या कामी लावतोय याची मनातल्या मनात माफी मागितली.

ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा निघाल्या ती चार डोकी एकाच सकाळी. हे महत्त्वाचं. एकीचं आज, दुसरीचं बुधवारी, असं केलं की उवा पाहुण्यांसारख्या एका घरातून दुसऱ्या घरात जाऊन येतात.

साधा शॅम्पू, आज कंडिशनर नाही, कारण त्याच्या थरामुळे औषध केसाला नीट लागत नाही. टॉवेलनं टिपून केस दमट ठेवले. मग औषध मुळाशी, कानामागे, मानेच्या वर, टोकापर्यंत. थोरलीला दोन बाटल्या लागल्या. घड्याळ लावून दहा मिनिटं. डोळ्यांवर कोरडी घडी. धुताना डोकं पुढे वाकवून, अंगावर ओघळू न देता. आता दोन दिवस डोकं धुवायचं नाही.

भाऊ तेवढ्यात पेस्ट कंट्रोलवाल्याशी फोनवर बोलत होता. फोन काढून घेतला. ऊ डोक्यावरून पडली की एक-दोन दिवसांत उपाशी मरते. ती उडत नाही, उडी मारत नाही, तिचे सहा पाय फक्त केस धरून चालायला घडलेत. गादी, पडदे, सोफा फवारून मुलांच्या नाकात विष जाईल, इतकंच. उशांचे अभ्रे, टॉवेल, रिबिनी, शाळेच्या टोप्या कडकडीत पाण्यात घातल्या. धुता येत नाही ते (धाकटीचं अस्वल, बंड्याची मखमली टोपी) पिशवीत बांधून माळ्यावर, दोन आठवडे. अस्वलासाठी श्वास घ्यायला भोक ठेवा अशी विनंती आली. नामंजूर.

आईला पुन्हा विचारलं. "मला कशाला तुमचं ते विष," म्हणाली. रेघ.

14 जुलै, सोमवार

सकाळी तपासणी. रुमालावर बहुतेक मेलेल्या. धाकटीच्या डोक्यात दोन जिवंत, पण दारू प्यायल्यासारख्या. लिखा जागच्या जागी. भावजय घाबरली, तिला बोटानं दाखवलं: कातडीपासून बोटाच्या पेराएवढ्या लांब गेलेल्या लिखा जुन्या, रिकाम्या टरफलाच्या. केस महिन्याला सुमारे सेंटीमीटर वाढतो आणि ऊ अंडं घालते ते कातडीलगत, पाव इंचाच्या आत, ऊब लागावी म्हणून. तेव्हा लांबच्या पांढऱ्या लिखा म्हणजे गेल्या महिन्याचा हिशेब. जवळच्या, करड्या, त्यांची वाट पाहायची.

17 जुलै, गुरुवार

धाकटी 3, थोरली 1, भावजय 0, बंड्या 0. चारही पिल्लं, खसखशीएवढी.

शाळेला पत्र लिहिलं, भावजयीच्या नावानं, मजकूर माझा. लिहिलं की मुलीवर उपचार चालू आहेत. पहिल्यांदा उवा झाल्या तर खाज सुटायलाच महिना-दीड महिना जातो, म्हणजे आपल्याला कळतं तोवर ती सगळ्या वर्गाबरोबर बसून झालेली असते. आता एकटं बसवून काही थांबत नाही. सगळ्या मुलींच्या आयांना एकदम सांगितलं तर मात्र थांबेल. पत्र भावजयीनं दोनदा वाचलं आणि "कृपया" हा शब्द दोन ठिकाणी घातला.

20 जुलै, रविवार

धाकटी 2, बाकी 0.

थोरली आता स्वतः भावजयीचं डोकं करते. फणी धरायची पद्धत माझ्यापेक्षा चांगली. तिनं मोबाइलवर शोधून काढलं: इस्राएलमध्ये लाखीश इथल्या उत्खननात 2016 साली एक इवलीशी हस्तिदंती फणी मिळाली, आणि 2022 मध्ये तिच्यावर कोरलेलं वाक्य वाचलं गेलं. सुमारे 3,700 वर्षांपूर्वीचं, कनानी लिपीतलं. अर्थ असा की या दातानं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत. "काका, माणसानं अक्षरं शिकल्यावर पहिल्यांदा हे लिहिलं!" पहिलं म्हणजे मुळाक्षरांच्या लिपीत आजवर सापडलेल्या पूर्ण वाक्यांतलं, ही दुरुस्ती मी केली. पण ती शाळेत मैत्रिणींना हे सांगून आली. म्हणजे स्वतःच्या तोंडानं उवांचा विषय काढून आली. अकरा दिवसांपूर्वी कडी लावून बसली होती ती हीच.

22 जुलै, मंगळवार

दुसरं औषध, नवव्या दिवशी. भावजय विचारत होती, परवा फक्त दोन निघाल्या, मग परत कशाला? तिला वहीत चित्र काढून दाखवलं. लीख 7 ते 10 दिवसांत फुटते. पिल्लू वयात यायला आणखी 9 ते 12 दिवस. औषध चालत्या उवांना मारतं, सगळ्या लिखांना मारत नाही. पहिल्या दिवशी ज्या लिखा वाचल्या त्या आतापर्यंत जवळजवळ सगळ्या फुटल्या, आणि त्यांतली एकही अजून अंडी घालायच्या वयाची नाही. ही फट गाठायची. आधी मारलं तर काही अंड्यातच राहतात, उशीर केला तर नवी पिढी सुरू. आजवरच्या दोन्ही प्रयत्नांत नेमका हाच दिवस गेला होता.

"एवढं बाटलीवर लिहिलंय?" तिनं विचारलं. बाटलीवर लिहिलंय, पण इतक्या बारीक अक्षरांत की मला आयग्लास लागला.

26 जुलै, शनिवार

धाकटी 3.

लिहायला जरा वेळ लागला. तिन्ही मोठ्या, तिळाएवढ्या, एकीचं पोट रक्तानं भरलेलं. बाकी सगळी डोकी 0.

भाऊ लगेच म्हणाला, औषध बोगस. तसं असतं तर लहान-मोठ्या सगळ्या मापाच्या निघाल्या असत्या आणि चारही डोक्यांत निघाल्या असत्या. इथे एकच डोकं, एकच माप. बावीस तारखेनंतर अंड्यातून निघालेली ऊ फार तर चार दिवसांची. चार दिवसांत ती एवढी होत नाही. म्हणजे हा माल आमच्या लाइनवरचा नव्हे, बाहेरून आलेला.

धाकटीचं डोकं कुणाकुणाच्या डोक्याला लागतं, यादी केली. बाकावरची मैत्रीण (पत्रानंतर परत शेजारी बसते). रिक्षातल्या दोघी. भावजयीनं मैत्रिणीच्या आईला फोन केला, करण्याआधी देवापुढे उभी राहिली. पलीकडून आधी शांतता, मग, "अहो, आमच्याकडेही होत्या हो! मी कुणाला सांगू म्हणून गप्प होते." वीस मिनिटं बोलल्या. त्यांनी तिथल्या तिथे मुलीचं डोकं फणीनं पाहिलं: नाही. रिक्षातल्या दोघींकडेही नाही.

रात्री रजिस्टर उघडून बसलो होतो. आठ जुलैपासून खाली उतरत गेलेल्या सात रकान्यांत आकडे आणि पहिल्या रकान्यात रेघा. धाकटी दुसरीत गेल्यापासून आईजवळ झोपते. एका उशीवर.

जो गेज कधी तपासला नाही त्यानं मोजलेलं मी आयुष्यात कधी पास केलं नाही. आणि घरात अठरा दिवस एक डोकं सोडून मोजत होतो, कारण ते आईचं होतं.

27 जुलै, रविवार

आईला कोण सांगणार यावर वर-खाली दोनदा चर्चा झाली. शेवटी आमची ही खोबरेल तेलाची वाटी कोमट करून खाली गेली, "आई, तेल लावून देते." आई म्हणाली, "तेल की तपासणी?" अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण चष्म्याशिवाय पंचांग वाचते.

मी दारात उभा होतो. तिनं मला आत बोलावलं आणि दार लोटायला सांगितलं. अंबाडा सोडला नाही. मग हळू आवाजात विचारलं, "कात्री लागेल का रे?"

मला प्रश्नच कळला नाही. आमच्या हिला कळला.

ग्वाल्हेरला आईच्या माहेरच्या वाड्यात एक आत्याबाई होत्या. बालविधवा, लाल आलवणातल्या. न्हावी मागच्या दारानं यायचा. आई पाच-सहा वर्षांची असताना तिच्या डोक्यात उवा झाल्या आणि घरातल्या कुणीतरी गंमत केली: बघ, आता तुझंही आत्याबाईंसारखं करू. ती तीन दिवस माळ्यावर लपून बसली होती. त्यानंतर उवा झाल्या की ती स्वतःच रात्री अंधारात चाचपून नखावर मारायची. अप्पा गेले तेव्हाही, म्हणाली, माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं. तेव्हा काळ केव्हाच बदलला होता, पण मनात तेच.

म्हणजे तिला माहीत होतं. गेले दोन महिने रोज रात्री धाकटी झोपल्यावर दोन-तीन मारत होती. त्या दिवशी शेजारून "गोटा करा" ऐकलं आणि तोंड मिटलं. खाज नाही हे मात्र खरंच सांगत होती. खाज ही उवेच्या लाळेची ॲलर्जी असते, आणि काही माणसांना ती कधीच येत नाही.

आमच्या हिनं अंबाडा सोडला. मी बाहेर जाऊ लागलो तर आई म्हणाली, "थांब. तुझ्याकडे ती भिंगाची डबी आहे ना? नीट बघ." पांढऱ्या केसांत लिखा दिसत नाहीत, सगळं पांढऱ्यात पांढरं. फणीनं ओढून रुमालावर आलं तेच मोजायचं.

डोकं 1: 9.

28 जुलै, सोमवार

औषध नको म्हणाली, त्यावर जोर केला नाही. नुसत्या फणीनंही होतं, फक्त कुणीतरी दर तीन दिवसांनी न चुकता बसलं पाहिजे. कंडिशनर लावून, ओल्या केसांत, फुटलेलं प्रत्येक पिल्लू मोठं व्हायच्या आत काढत जायचं. सलग तीन वेळा 0 आला की थांबायचं. वार ठरवले. धाकटीचंही तेच वेळापत्रक, त्या तीन उवांनी घातलेली अंडी असणारच.

धाकटीला तोवर आईबाबांच्या खोलीत झोपवायचं ठरलं तेव्हा दोघीही रुसल्या. भावजयीनं तोड काढली: खाट तीच, उशा दोन, एकीचं डोकं भिंतीकडे आणि दुसरीचं पायथ्याला. गोष्ट सांगायला आवाज पोचतो.

29 जुलै, मंगळवार

पहिली मंगळागौर, शेजारच्या गल्लीत नव्या सुनेची. मुलींना पाठवायचं की नाही? पाठवलं. फुगडीत डोकी लांब असतात. एकाच फोटोत पाच जणी डोकं डोक्याला लावतात तिथे धोका जास्त. दोघींच्या घट्ट वेण्या घालून वर बांधल्या. गजरा एकमेकींचा घ्यायचा नाही, कंगवा द्यायचा नाही. रात्री अकराला दोघी घसा बसवून आल्या.

30 जुलै ते 8 ऑगस्ट

आई: 4, 3, 1, 0.
धाकटी: 1, 2, 0, 0. दोन्ही वेळच्या पिल्लंच.

मधल्या नोंदी लिहिण्यासारख्या नाहीत. बादली, रुमाल, फणी उकळणे. माझी पाठ धरली, पाटाऐवजी आता स्टूल.

9 ऑगस्ट, शनिवार, राखी

देवासहून बहीण मुलांना घेऊन आली. दारातच भावजय हसत म्हणाली, "ताई, आधी डोकी, मग राखी." बहिणीला वाटलं चेष्टा. भाचीच्या डोक्यात 5.

बहीण ओशाळली आणि तिनं ते तिच्या शाळेवर, मग पावसावर, मग सासरच्या एका लग्नावर ढकललं. भावजयीनं तिला आत नेलं, वही दाखवली, चित्र काढून नवव्या दिवसाचं समजावलं. माझ्यापेक्षा सोपं समजावलं. उरलेल्या बाटल्यांतल्या दोन आणि दुसरी स्टीलची फणी ओवाळणीच्या ताटात घालून दिली. मी पाकीट घातलं होतं ते वेगळं.

14 ऑगस्ट, गुरुवार

आई: सलग तिसरा 0. धाकटी: सलग चौथा 0. बाकीच्यांची एकदा शेवटची तपासणी: 0. माझंही आमच्या हिनं केलं. "आहे काय तिथे शोधायला," म्हणाली.

अस्वल कधीच माळ्यावरून उतरलं आहे, आज दुसरी उशीही कपाटात गेली.

खर्च: औषध आणि फण्या मिळून पेस्ट कंट्रोलवाल्यानं सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. कंडिशनरच्या चार बाटल्या. डॉक्टर एकदा. रजिस्टर जुनंच, मागची पानं कोरी होती.

यापुढे महिन्यातून एक रविवार, आठही डोकी. पुढची तारीख 14 सप्टेंबर, गणपती गेल्यावर.

17 ऑगस्ट, रविवार

आज काही ठरलेलं नव्हतं. पोहे खाऊन व्हरांड्यात पेपर वाचत होतो. आई न्हाऊन आली, केस मोकळे, हातात स्टीलची फणी, आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर पाठ करून बसली.

"आई, संपलं की. तीनदा शून्य आलं."

"असू दे. तू बघ."

वीस मिनिटं लागली.

डोकं 1: 0.